फीत आणि फिट

धाकटी पडली ती नेमकी डुकरांच्या कुंपणात.

खरकट्याची बादली हौदात ओतता ओतता तिची मान एका बाजूला वळली, वळतच राहिली, आणि बादलीसकट ती चिखलात आडवी झाली. पलीकडे थोरली जाऊ फावड्याने घाण ओढत होती. तिला आधी वाटलं, पाय घसरला. “बघून चाल गं बाई,” म्हणायला तिने तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. धाकटीचे हातपाय ताडताड उडत होते. डोळे पांढरे झाले होते. तोंडातून फेस येत होता, आणि सगळं खरकटं तिच्या अंगावर सांडलं होतं.

डुक्कर काही वाईट जनावर नाही. पण त्याला ताट काय आणि तोंड काय, सारखंच. कुंपणातली सगळ्यात मोठी मादी, जिला घरात म्हातारी म्हणायचे, ती घुर्र घुर्र करत आली आणि धाकटीच्या गालावरचा भात चाटायला लागली. थोरलीने फावडं उलटं करून तिच्या पाठीत घातलं. म्हातारी हलेना. दुसरा फटका नाकाडावर बसला तेव्हा कुठे ती ओरडत बाजूला झाली. थोरलीने धाकटीला काखेत हात घालून फरफटत कुंपणाबाहेर काढलं, फाटक पायाने लावलं, आणि मग तिला बोंब मारायचं सुचलं.

घरची माणसं धावत आली. सासूने कांदा फोडून नाकाशी धरला. थोरलीच्या नवऱ्याने पाणी मारलं. धाकटीचा नवरा नुसता उभा होता, हातातली दोरी गुंडाळत, सोडत, परत गुंडाळत. बऱ्याच वेळाने धाकटीचे डोळे जागेवर आले. तिने सगळ्यांकडे पाहिलं, कोणालाच ओळखलं नाही, आणि मग थोरलीचा चेहरा सापडल्यावर म्हणाली, “ताई, मी कुठाय?”

“घरीच आहेस. माझ्या मांडीवर आहेस.”

“हात द्या ना तुमचा.”

थोरलीने हात दिला. चिखलाने भरलेला, तसाच.

त्या दिवसापासून घराची झोप उडाली. तशी ती आधीच अर्धी उडालेली होती. डुकरांत साथ येऊन गेली होती, पिल्लं पटापट मेली होती, आणि वाचलेल्या चार जनावरांवर घर तग धरून होतं. त्यात हे. सासू पहिल्या दिवशी रडली, दुसऱ्या दिवशी विचारात पडली, आणि मग तिने निकाल लावला.

“ही फिट माहेरची आहे. लपवली आपल्यापासून. फिटवाली पोरगी गळ्यात मारली.”

“आई, मला लहानपणी कधीच नव्हती हो,” धाकटी म्हणायची.

“लहानपणीचं तुला काय आठवणार?”



धाकटी लग्न होऊन या घरात आली तेव्हा एकाच गोष्टीने घर गडबडलं होतं. तिच्या माहेरी डुकराचं मांस खात नसत. ती डुकरं राखायची, त्यांची घाण काढायची, पण मांसाच्या वासाने तिला मळमळायचं. सासू म्हणाली होती, “नखरे!” पण थोरलीला स्वतःला मूलबाळ नव्हतं, आणि ही लुकडी पोरगी पहिल्या दिवशीच तिच्या मागे मागे फिरायला लागली होती. थोरलीने तिचं पातेलं वेगळं केलं, ताट वेगळं केलं, चमचासुद्धा वेगळा. मांस शिजायचं त्या दिवशी ती धाकटीसाठी आधी भात टाकायची, भाजी करायची, काकडी चिरून वाटीत ठेवायची. आपल्या हाताने. “माझ्या पोरीचं सोवळं आहे,” असं सगळ्यांना चिडवून सांगायची. येता-जाता तिच्या डोक्यावरून हात फिरवायची. हे थोरलीचं सुख होतं, आणि तेवढंच होतं.

आता दुसरी गोष्ट, जी थोरलीने कोणालाच सांगितली नव्हती.

बऱ्याच दिवसांपासून ती शेताच्या बांधाआड बसून उठली की तिला मागे काहीतरी दिसायचं. भोपळ्याची बी असते ना, तशी. चपटी, पांढरी. पहिल्यांदा तिला वाटलं, भोपळा खाल्ला, बी पचली नसेल. मग भोपळ्याचे दिवस संपले तरी बिया दिसत राहिल्या. आणि एकदा ऊन चांगलं वर आलेलं असताना तिने नीट वाकून पाहिलं, तर त्यातली एक बी हलली. आखडली, लांब झाली, परत आखडली. थोरलीच्या अंगावर सरसरून काटा आला. तिने पायाने माती लोटली, डब्यातलं पाणी कसंबसं हातावर ओतलं आणि घरी येऊन थेट चुलीपुढे बसली. कोणाला सांगायचं? नवऱ्याला? असल्या गोष्टी कोणी बोलतं का? पोटात जंत असतील, लहान पोरांना होतात तसे, जातील आपोआप. असं तिने स्वतःला समजावलं. तरी तेव्हापासून बांधाआड बसून उठली की ती मागे न बघता पायाने माती लोटायची.

धाकटीला परत फिट आली, या वेळी घरात, उंबऱ्यावर. कपाळ फुटलं. मग मात्र थोरल्याने टेम्पो केला आणि सगळे मोठ्या दवाखान्यात गेले.

दवाखान्यात धाकटीच्या डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर तरुण होता, घाईत होता, बाहेर माणसांची ही गर्दी. त्याने तो काळा फोटो दिव्याच्या पेटीवर लावला आणि पेनने दाखवलं.

“हे पांढरे ठिपके दिसतात? या मेंदूतल्या गाठी आहेत. याला सिस्टिसर्कोसिस म्हणतात.”

“सिस्टर...?” सासू म्हणाली.

दारातल्या नर्सने आत डोकं घातलं. “मला बोलावलं?”

“नाही हो, तुम्ही जा,” डॉक्टर म्हणाला. थोरलीचा नवरा खाली बघून हसला. थोरली हसली नाही. ती फोटोकडे बघत होती.

ते ठिपके तिने पाहिलेले होते. तांदळाच्या कणीएवढे, पांढरे, इकडे एक, तिकडे दोन. कुठे पाहिले? मग आठवलं. साथीची कुणकुण लागली तेव्हा नवऱ्याने एक डुक्कर घाईघाईने कापलं होतं, मरण्याआधी खाऊन तरी टाकू म्हणून. त्याच्या लाल मांसात असेच दाणे होते. तिने विचारलंही होतं, हे काय? तो म्हणाला होता, चरबी असेल, शिजव.

“हा फीतकृमीचा प्रकार,” डॉक्टर सांगत होता. “डुकराच्या मांसातून पोटात जातो. पोटात नुसता राहिला तर त्याला टीनियासिस म्हणतात. अंडी पोटात जाऊन डोक्यात गाठी झाल्या की सिस्टिसर्कोसिस. तुम्ही डुक्कर खाता?”

“नाही,” धाकटी म्हणाली.

“मांसाला शिवतसुद्धा नाही,” सासू म्हणाली. “खाते म्हणून नव्हे, खात नाही म्हणून आमच्या घरात भांडण.”

डॉक्टरच्या कपाळावर आठी पडली. “मग घरात दुसऱ्या कोणाची फीत पडते का?”

मोठ्या माणसापुढे कोणी बोलेना, म्हणून थोरलीच पुढे झाली. “पडते ती हीच, डॉक्टरसाहेब. दुसरं कोणी पडत नाही.”

“नक्की?”

“फिट हिलाच येते. आम्ही सगळे धडधाकट.”

डॉक्टर काहीतरी बोलणार होता, इतक्यात बाहेर कोणीतरी रक्तबंबाळ माणूस आणला आणि तो उठला. जाता जाता म्हणाला, “गोळ्या चालू करा, चुकवू नका. आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी करावी लागेल. मी तुमच्याकडच्या सिस्टरना कळवतो.”

परतताना टेम्पोत थोरल्याने गंमत केली. “जनावर एकच, पण पोटातून डोक्यात गेलं की नाव बदलतं. शहरात गेलेल्या पोरासारखं.” कोणी हसलं नाही. धाकटी थोरलीच्या खांद्यावर डोकं टेकून पेंगत होती. थोरली मनाशी घोकत होती. टीनियासिस. सिस्टिसर्कोसिस. फिट-कृमी. म्हणजे ज्याच्यामुळे फिट येते तो कृमी. मला फिट येत नाही. मग माझं ते वेगळं. माझ्या त्या बिया. असं घोकलं की जरा बरं वाटायचं, आणि मग डोळे मिटले की ते पांढरे ठिपके दिसायचे.

सासूने घरी येताच जाहीर केलं, “डुक्कर न खाणारीला डुकराचा किडा! डॉक्टरला काही कळत नाही. आम्ही जन्मभर खातोय, आम्हाला का नाही झालं? तिच्या भावाला निरोप धाडा. घेऊन जा म्हणावं.”

धाकटीचा नवरा दोरी उचलून कुंपणाकडे गेला. थोरला म्हणाला, “आई, गोळ्यांनी फरक पडतो का बघू,” आणि आईने नुसतं पाहिल्यावर विडी पेटवायला बाहेर गेला. निरोप गेला.

“ताई,” धाकटीने कुंपणाशी विचारलं, “तुम्हाला पण वाटतं का, मी लपवलं?”

“वेडी आहेस का?”

“मग तुम्ही सांगा ना आईंना. तुमचं ऐकतील त्या.”

थोरलीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सांगायला तिच्याजवळ काय होतं? जे होतं ते ती स्वतःलाही धड सांगत नव्हती.

सिस्टर आली ती दुपारी, स्कूटरवरून, पिशवीत झाकणाच्या छोट्या डब्या घेऊन. थोरली पडवीत विळीवर धाकटीसाठी काकडी चिरत होती.

“प्रत्येकाने एकेका डबीत संडासचा नमुना द्यायचा,” सिस्टरने डब्या मांडल्या.

“शी!” सासू उठून आत गेली. “हेच राहिलं होतं बघायचं.”

सिस्टर थोरलीकडे वळली. “तुम्ही तरी सांगा, घरात कोणाची फीत पडते?”

“फिट धाकटीलाच येते. दवाखान्यात सांगितलं की.”

“फिट नाही हो! फीत. फीत!” सिस्टरने स्वतःची वेणी पुढे ओढली आणि तिच्या टोकाची लाल फीत धरून दाखवली. “अशी. हिच्यापेक्षा किती तरी लांब. पोटात असते, आतड्यात. आणि तिचे तुकडे तुटून बाहेर पडतात. चपटे, पांढरे. भोपळ्याच्या बियांसारखे.”

विळी थांबली.

फोड अर्धी कापलेली, बोटं काकडीवर, आणि थोरलीला आपलीच बोटं दिसत होती. नखांत काळं होतं. सकाळचं कुंपणातलं, की कशातलं, कोण जाणे.

“आणि... आणि ज्याच्या पोटात ती फीत असते,” तिने विचारलं, “त्याला फिट येते?”

“त्याला बहुतेक काहीच होत नाही. तो मजेत हिंडतो. पण त्याच्या पोटातून अंडी पडतात, डोळ्याला दिसत नाहीत इतकी बारीक. बाहेरून आला, हात नीट धुतले नाहीत, नखांत राहिली, आणि त्या हाताने कोणाला खायला घातलं, की ती दुसऱ्याच्या पोटात जातात आणि तिथून मेंदूत. म्हणून तर विचारतेय, मांस न खाणाऱ्या बाईला कसं झालं? कोणाच्या तरी हातून झालं.” सिस्टरने घड्याळ पाहिलं. “घाबरायचं नाही. फीत असेल त्याला औषध देतात, बरा होतो. पण आधी सापडायला तर पाहिजे. येते मी.”

स्कूटर गेली. थोरली तिथेच बसून होती.

धाकटीची वाटी भरलेली होती. वेगळी वाटी, वेगळ्या चमच्याची, आपल्या हाताने चिरलेली. इतके दिवस. बाकी सगळ्यांचं चुलीवर शिजलेलं, हिचं एवढं कच्चं. रोज. मांसाचा विटाळ लागू नये म्हणून जपून जपून चिरलेली. तिने वाटी उचलली आणि डुकरांना टाकायला निघाली, आणि कुंपणाशी थांबली. डुकरांना? म्हणजे परत तेच दाणे, परत तेच मांस. ती मागे फिरली आणि काकडी चुलीत टाकली. ओली काकडी जळेना, नुसती धुरकटत राहिली.

तिला आता हेही कळलं की घरात इतरांच्या पोटात ही फीत का नाही. सगळ्यांनी मांस शिजल्यावर खाल्लं होतं. त्या दिवशी मीठ बघायला, चुलीवरचं अर्धं कच्चं, आतून लाल असलेलं मांस चाखलं होतं तिने एकटीने. स्वयंपाक करणाऱ्या बाईला चाखावंच लागतं. एकदा चाखलं, अळणी लागलं. मीठ टाकून परत चाखलं.

सांगावं? सांगितलं की काय होईल ते तिला स्वच्छ दिसत होतं. सासू हातचं पाणी पिणार नाही. वांझोटी तर होतीच, आता विषारीही. चूल जाईल. चूल गेली की या घरात तिचं दुसरं काय होतं? आणि धाकटी काय म्हणेल? इथे तिचा विचार अडायचा आणि पुढे जायचाच नाही.

संध्याकाळी तिने उजव्या हाताला फडकं गुंडाळलं. “भाजला,” म्हणाली.

“मग धाकटीला बसव चुलीपुढे,” सासू म्हणाली. “भाऊ येईपर्यंत काम तरी करेल.”

हे थोरलीच्या डोक्यातच आलं नव्हतं. धाकटी चुलीपुढे बसली, आणि थोरलीची पाचावर धारण बसली. जाळ हा असा फडफडतोय, पातेल्यात पाणी खळखळतंय, आणि पोरीची मान कधी वळेल याचा नेम नाही. आपण हात लावावा तर विष, न लावावा तर आग. ती धाकटीला चिकटून बसली. धाकटीने डाव जरा खाली ठेवला की हिचं काळीज उडायचं. एकदा धाकटीचा हात पातेल्यावर तसाच थांबला. नजर एका जागी. थोरलीने झडप घालून तिला मागे खेचलं. दोघी धाडकन मागे पडल्या.

“अहो ताई! मिठाचा डबा शोधत होते मी,” धाकटी म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. “तुम्ही तर मला मारूनच टाकाल.”



धाकटीने उठून डावात थोडा रस्सा घेतला, फुंकला आणि तिच्या तोंडाजवळ धरला. “मीठ बघा ना, ताई.”

“नको.”

“बघा हो. तुमच्याशिवाय कोण सांगणार मला?”

थोरली तोंड फिरवून अंगणात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ऊन चढता चढता धाकटीचा भाऊ आला. टेम्पो घेऊनच आला होता. पाणी न पिता अंगणात उभा राहिला, मान खाली घालून, लपवालपवीचा आरोप झालेल्या माणसासारखा. सासूने धाकटीचं गाठोडं आधीच पायरीवर आणून ठेवलं होतं. “आमचं काही म्हणणं नाही,” ती त्याला ऐकवत होती, “पण आधी सांगायला हवं होतं. आमच्या घरात असलं काही नव्हतं कधी.”

धाकटी दाराआड उभी होती. रडत नव्हती. नवऱ्याकडे बघत होती, आणि नवरा दोरी गुंडाळत होता.

“होतं,” कोणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. थोरली कुंपणाकडून येत होती. पदर खोचलेला, फडकं सोडलेलं, उजवा हात धडधाकट, आणि त्या हातात सिस्टरची झाकणाची डबी.

“आमच्या घरात होतं. माझ्यात आहे. ही बघा.” तिने डबी पुढे धरली. डबीत काहीतरी खुळखुळलं. “ही फीत. फिट नव्हे, फीत. माझ्या पोटात आहे, आणि माझ्या हातून पोरीच्या डोक्यात गेली. मी तिला रोज खाऊ घातली. तिच्या माहेरचा काही दोष नाही. तिचा नाही. मला माहीत नव्हतं, आणि मग माहीत झालं तरी मी कालपासून गप्प बसले.”

सासू दोन पावलं मागे सरली आणि पदर तोंडाला लावला. “आणि आम्ही तुझ्या हातचं... अगं, आम्ही सगळेच तुझ्या हातचं...” ती घाईने आत गेली. आतून तिच्या ओकाऱ्यांचा आवाज आला.

थोरलीचा नवरा पायरीवर मटकन बसला. “ते डुक्कर,” एवढंच म्हणाला. “शिजव म्हणालो होतो मी.”

धाकटीच्या नवऱ्याने दोरी खाली टाकली. लग्नापासून त्याचा आवाज अंगणात कोणी ऐकला नसेल. “म्हणजे हिने काही लपवलं नाही,” तो म्हणाला. “गाठोडं आत घ्या.”

थोरली धाकटीकडे गेली. नेहमीच्या सवयीने तिचा हात धाकटीच्या डोक्याकडे गेला. आणि धाकटीने मान मागे घेतली.

अगदी थोडी. पण घेतली. थोरलीचा हात हवेत राहिला, मग तिने तो पदराखाली लपवला. फावड्याचा दांडा छातीत बसला असता तरी इतकं लागलं नसतं.

“दोघींना दवाखान्यात सोडतो,” धाकटीचा भाऊ म्हणाला. “टेम्पो आहेच.”

निघण्याआधी थोरलीने हात धुतले. साबणाने, राखेने, परत साबणाने. नखं पात्याने इतकी आत कापली की दोन बोटांतून रक्त आलं. मग ती टेम्पोच्या मागच्या कोपऱ्यात फाळक्याला पाठ लावून बसली, दोन्ही हात काखेत दाबून. धाकटी पुढच्या बाजूला, नवऱ्याशेजारी. मधे रिकामी जागा. डबी थोरलीच्या पायाशी पिशवीत होती. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला ती सगळ्यांकडे बघून घ्यायची, कोणाला आपला स्पर्श तर होत नाही ना. डॉक्टर काय म्हणेल, पोरीच्या डोक्यातल्या त्या गाठी जातील की राहतील, हेच तिच्या डोक्यात फिरत होतं. आपल्याला एक औषध घेऊन मोकळं होता येईल, आणि तिला? ती घाबरली होती, आणि घाबरायला आता तिला कोणापासून काही लपवावं लागत नव्हतं, एवढाच फरक.

चढावर टेम्पोचा वेग कमी झाला आणि धाकटीची मान वळायला लागली.

“धरा तिला!” थोरली ओरडली. नवरा गोंधळला. त्याने तिचे हात पकडले, नको तिथे पकडले, आणि तिचं डोकं लोखंडी पत्र्यावर आपटायला निघालं. थोरलीने हात काखेतून कधी काढले ते तिला कळलंच नाही. ती रांगत गेली, डोकं मांडीवर घेतलं, तोंड बाजूला वळवलं, फेस पदराने पुसला. “सोडा तिचे हात. उडू द्या. होईल शांत, होईल,” ती बोलत राहिली, त्याला की स्वतःला, कोण जाणे. टेम्पो थांबला. हळूहळू ताडताड थांबली. घरघर थांबली. धाकटीचा श्वास नीट झाला.

मग थोरलीला आपले हात दिसले. एक पोरीच्या गालाखाली, एक तिच्या कपाळावर. तिने ते झटकन उचलले.

धाकटीचे डोळे उघडले. आभाळाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, ओळख पटेना. मग थोरलीचा चेहरा सापडला.

“ताई, मी कुठाय?”

“टेम्पोत. दवाखान्यात चाललोय आपण.”

धाकटी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांत परत येताना थोरलीला दिसत होती. घर आलं, अंगण आलं, डबी आली. थोरलीने मान खाली घातली आणि तिचं डोकं हळूच मांडीवरून खाली ठेवायला घेतलं.

“हात धुतलेत?” धाकटीने विचारलं.

“धुतले.”

“मग द्या.”